टेडी रिनेर: १५४ सलग विजयांपेक्षा त्यानंतरची चार वर्षं मोठी आहेत

पैलतीर (धागाकर्ता)

ज्युदोच्या हेवीवेट गटाचा विषय निघाला की दोन आकडे हमखास येतात. जपानच्या यासुहिरो यामाशिताचे २०३ आणि फ्रान्सच्या टेडी रिनेरचे १५४. यामाशिताने १९७७ ते १९८५ या काळात सलग २०३ लढती जिंकल्या, मध्ये सात बरोबरीत सुटल्या, आणि अपराजित असतानाच निवृत्त झाला. रिनेर सप्टेंबर २०१० पासून सलग १५४ जिंकला आणि ९ फेब्रुवारी २०२० ला पॅरिस ग्रँड स्लॅमच्या तिसऱ्या फेरीत जपानच्या कोकोरो कागेउराकडून हरला. आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांसमोर. २०३ मोठे की १५४, यावरच सगळी चर्चा संपते आणि यामाशिता जिंकतो.

मला हा हिशेबच मान्य नाही. रिनेरला मी सर्वश्रेष्ठ हेवीवेट म्हणतो ते ती मालिका तुटल्यानंतर त्याने जे केलं त्यासाठी.

ज्यांना तपशील माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रिनेरचा जन्म १९८९ चा, ग्वादलूपचा. २००७ साली रिओच्या जागतिक स्पर्धेत अठराव्या वर्षी सुवर्ण, तेही वाटेत कोसेई इनोउएसारख्या माजी ऑलिंपिक विजेत्याला हरवून. बीजिंग २००८ ला कांस्य, लंडन २०१२ आणि रिओ २०१६ ला सुवर्ण. २०१७ संपलं तेव्हा वैयक्तिक जागतिक विजेतेपदं दहा झाली होती. तेव्हाच थांबला असता तरी इतिहासात नाव पक्कं होतं.

मग कागेउराने मालिका तोडली. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तामेरलान बाशाएवने हरवलं. वय बत्तीस. सलग तिसऱ्या वैयक्तिक सुवर्णाचं स्वप्न तिथेच संपलं. त्याच दिवशी, मोजक्या तासांत, तो पुन्हा उतरला आणि जपानच्या हारासावाला हरवून कांस्य घेतलं. दुसऱ्या दिवशी मिश्र सांघिक अंतिम फेरीत जपानच्या आरोन वोल्फला हरवलं, फ्रान्स ४-१ ने जिंकला. २०२३ ला दोहात अकरावं जागतिक विजेतेपद. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पस्तिसाव्या वर्षी वैयक्तिक सुवर्ण, दुसऱ्या दिवशी सांघिक सुवर्ण. एकूण पाच ऑलिंपिक सुवर्णं. ज्युदोत एवढी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत.

जो कधी हरलाच नाही, तो हरल्यावर कसा उभा राहिला असता हे आपल्याला कधीच कळणार नाही. रिनेरच्या बाबतीत कळलं. म्हणून माझं मत त्याला. विरोधी मतं यावीत, पण आकड्यांच्या पुढे जाऊन यावीत ही विनंती.

जुनी_पकड

धागा चांगला, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

आकड्यांच्या पुढे जायचं म्हणताय तर जाऊ. यामाशिताचे २०३ विजय कुठे मिळवलेले होते ते बघा. त्यातला मोठा वाटा जपानमधल्या स्पर्धांचा. कुणी म्हणेल, मग काय, देशांतर्गतच ना? पण त्या काळात जपानमध्ये जिंकणं हे जगात जिंकण्यापेक्षा अवघड होतं. ऑल जपान स्पर्धेला वजनगटच नसतो. कुणीही कुणासमोर येतो आणि देशातले सगळे चांगले ज्युदोपटू तिथे असतात. ती स्पर्धा यामाशिताने १९७७ ते १९८५ सलग नऊ वेळा जिंकली. शेवटच्या तीन वर्षी अंतिम फेरीत समोर होता हितोशी साइतो. हा साइतो कोण? १९८४ आणि १९८८ या दोन्ही ऑलिंपिकचा हेवीवेट विजेता. म्हणजे जगातला दुसऱ्या क्रमांकाचा हेवीवेट यामाशिताला आपल्याच घरात दर वर्षी भेटत होता.

जागतिक विजेतेपदं अकराविरुद्ध चार, हा दुसरा आवडता युक्तिवाद. तो येण्याआधीच उत्तर देतो. तेव्हा जागतिक स्पर्धा दोन वर्षांनी होत असे. १९७७ ची बार्सिलोनाची स्पर्धा रद्दच झाली. उरल्या तीन: १९७९ पॅरिस, १९८१ मास्ट्रिख्ट, १९८३ मॉस्को. तिन्हींत तो जिंकला, मास्ट्रिख्टला तर हेवीवेट आणि खुला (वजनाची अट नसलेला) असे दोन्ही गट. जेवढ्या संधी मिळाल्या तेवढ्या सगळ्या घेतल्या. रिनेरला जवळजवळ दर वर्षी संधी होती.

ऑलिंपिकचंही तेच. १९८० ला तो तेवीस वर्षांचा होता, ऐन भरात. जपानने मॉस्कोवर बहिष्कार टाकला. बहिष्कार नको म्हणून खेळाडूंच्या बैठकीत तो रडला होता. हा दोष त्याचा नाही. सांघिक सुवर्ण तर त्याच्या काळात अस्तित्वातच नव्हतं, ते टोकियोपासून आलं. तुमच्या पाचातली दोन त्यामुळे तुलनेतून वजा करा.

आणि राहिला मुद्दा 'हरल्यावर काय केलं असतं कळणार नाही' हा. लॉस एंजेलिस १९८४ विसरलात का? सुरुवातीच्या फेरीत पश्चिम जर्मनीच्या श्नाबेलविरुद्ध खेळताना उजव्या पायाची पोटरी फाटली. नंतरच्या लढतींना तो लंगडतच ततामीवर (लढतीच्या गादीवर) आला. अंतिम फेरीत इजिप्तच्या मोहम्मद रशवानला जमिनीवर दाबून इप्पोन (लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण) मिळवला. पदक घ्यायला व्यासपीठावर चढताना रशवानने त्याला हात दिला. संकटात माणूस कसा वागतो याचा पुरावा हवा असेल तर तो एका दिवसात मिळालेला आहे.

उत्तररात्र

जुनी_पकड यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळा आहे.

रिनेर निवडून खेळतो. २०१७ च्या अखेरीपासून २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत तो स्पर्धेतच नव्हता. २०१८, २०१९, २०२१, २०२२ या चारही वर्षांच्या जागतिक स्पर्धांत तो नाही. या काळात हेवीवेट गट ओस पडला होता का? नाही. जॉर्जियाचा तुशिश्विली, चेकियाचा क्रपालेक, जपानचा कागेउरा, सगळे त्या काळात विजेते झाले. कागेउराने तर २०२१ ला बुडापेस्टमध्ये जागतिक सुवर्ण घेतलं. रिनेरला हरवणारा माणूस वर्षभराने जगज्जेता होतो आणि रिनेर त्या स्पर्धेला नसतो.

१५४ ची मालिका साडेनऊ वर्षांत झाली. वर्षाला सरासरी सोळा-सतरा लढती. बाकीचे हेवीवेट वर्ल्ड टूरवर देशोदेशी फिरून गुण गोळा करतात, दुखापती अंगावर घेतात, थकलेल्या शरीराने तिसऱ्या फेरीत कुणा अनोळखी खेळाडूकडून हरतात. 'अजिंक्य' ही प्रतिमा टिकवायची असेल तर कमी खेळणं हा सोपा मार्ग आहे. मी त्याला फसवणूक म्हणत नाही. पण सलग विजयांची संख्या मोजताना टाळलेल्या स्पर्धाही मोजल्या पाहिजेत.

पैलतीर (धागाकर्ता)

@उत्तररात्र, हेवीवेटच्या शरीराचा विचार करा. दोन मीटरच्या वर उंची, एकशे चाळीस किलोच्या आसपास वजन, आणि गुडघ्यांवर रोज तेवढ्याच वजनाच्या माणसांना पेलण्याचा सराव. साठ किलोचा खेळाडू वर्षाला आठ स्पर्धा खेळून निभावतो. हेवीवेट निभावत नाही. २००७ च्या सुवर्णापासून २०२४ च्या सुवर्णापर्यंत सतरा वर्षं जातात. एवढा काळ त्या वजनात टिकायचं तर विश्रांती ही तयारीतच धरावी लागते. त्याच्या पिढीतले जे वर्षभर फिरत होते त्यातले किती जण पस्तिसाव्या वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होते?

शिवाय प्रतिमाच जपायची असती तर २०२० नंतर तो परत आलाच नसता. मालिका तुटलेली, दोन ऑलिंपिक सुवर्णं हातात. टोकियोला जाऊन हरण्याची शक्यता त्याला दिसत नव्हती असं थोडंच आहे?

@जुनी_पकड, लॉस एंजेलिसचा दिवस थोरच होता, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दुखापत आणि पराभव यांत फरक आहे. दुखापतीत आपण अजूनही सर्वोत्तम आहोत हा विश्वास शाबूत असतो. पराभव नेमका तोच काढून घेतो.

ततामीवरून

बरीच वर्षं मुलांना ज्युदो शिकवतोय, म्हणून खेळाच्या बाजूने थोडं लिहितो. आतापर्यंतच्या प्रतिसादांत रिनेर नक्की करतो काय, हे कुणीच सांगितलं नाही.

त्याची पकड बघा. लढत सुरू झाली की एक हात समोरच्याच्या खांद्यावरून टाकून पाठीवरचं कापड मुठीत घेतो, दुसऱ्या हाताने बाही. मग त्या वरच्या हातावर स्वतःचा भार सोडतो. समोरच्याची मान खाली जाते, कंबर वाकते. वाकलेला ज्युदोपटू जवळपास निःशस्त्र असतो, कारण बहुतेक डावांसाठी कंबर आत घुसवावी लागते आणि तीच मागे गेलेली असते. आता त्याच्यासमोर दोनच वाटा. सरळ व्हायला गेला की वजन टाचांवर येतं आणि त्याच क्षणी रिनेरचा पाय मागून येतो, ओसोतो-गारी. वाकूनच राहिला तर पंच बचावात्मक पवित्र्याबद्दल शिदो (दंड) देतात. तीन शिदो झाले की बाद. म्हणजे पकड बसली की लढत अर्धी संपली. त्याच्याविरुद्ध खेळणारे पहिला मिनिट निव्वळ हात झटकण्यात का घालवतात, ते यातून कळेल.

यात उंचीचा फायदा आहे का? निश्चित आहे. पण उंच हेवीवेट खूप झाले. पाठीवरची पकड घेतली की आपली बगल उघडी पडते आणि कुणीही खालून आत शिरू शकतो. ती उघडी बाजू इतकी वर्षं सांभाळणं ही खरी करामत. कागेउराने जिंकताना काय केलं? रिनेरला उचिमातासाठी (समोरच्याच्या दोन पायांमध्ये पाय घालून फेकण्याचा डाव) आत येऊ दिलं आणि त्याचाच जोर त्याच्यावर उलटवला. तोडगा सगळ्यांना माहीत होता, अमलात आणायला साडेनऊ वर्षं लागली.

आता टीकाही करतो. रिओ २०१६ ची अंतिम लढत मी शिष्यांना दाखवत नाही. हारासावाविरुद्ध रिनेरला एकही गुण मिळाला नाही, तो फक्त शिदोंच्या फरकावर जिंकला. सुरुवातीला हारासावावर शिदो आले आणि पुढे रिनेरने लढत थंड करून वेळ काढली. नियमात बसणारं होतं, पण ऑलिंपिक सुवर्णाला शोभणारं नव्हतं.

मात्र पुढचं कुणी लक्षात घेत नाही. २०१७ पासून नियम बदलले. नियमित वेळेत नुसत्या शिदोंच्या फरकावर लढत जिंकता येईना, गुण मिळवावाच लागे किंवा समोरचा बाद व्हावा लागे. पुरुषांची लढत पाचवरून चार मिनिटांची झाली. ज्या पद्धतीने त्याने रिओ जिंकलं ती पद्धतच बंद. आणि त्याच वर्षी तो बुडापेस्टमध्ये हेवीवेट आणि माराकेशमध्ये खुला गट, अशी दोन जागतिक विजेतेपदं घेऊन आला. त्याआधी पायांना हाताने पकडण्याचे डाव बंद झाले होते, कोका (सर्वांत छोटा गुण) गेला होता, बरोबरीत पंच झेंडे दाखवून विजेता ठरवत तो कौल गेला होता. इतक्या वेळा नियम बदलूनही वर राहिलेला दुसरा हेवीवेट मला आठवत नाही. यामाशिताच्या आठ वर्षांत खेळ एवढा हलला नव्हता.

अनवट

दोहाबद्दल कुणीच बोलत नाही याचं नवल वाटलं. धाग्यात 'अकरावं जागतिक विजेतेपद' असं एका वाक्यात उरकलं आहे.

मे २०२३, अंतिम लढत, रिनेर विरुद्ध रशियाचा इनाल तासोएव. गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, तासोएवने रिनेरचा हल्ला उलटवून त्याला खाली आणलं. गोल्डन स्कोअरमध्ये पहिला गुण म्हणजे विजय. पंचांनी गुण दिला नाही, लढत पुढे चालली आणि रिनेर जिंकला. पुढे जूनमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने चूक मान्य केली आणि तासोएवलाही सुवर्ण दिलं. एका गटात दोन जगज्जेते! याचा सरळ अर्थ, ती लढत रिनेर हरला होता. पदक ठेवायचं तर ठेवा, पण 'पराभवानंतर पुन्हा जगज्जेता' या कथेचा तो पुरावा होऊ शकत नाही.

दुसरं, पॅरिसची सांघिक अंतिम लढत. जपान ३-१ ने पुढे, मग ३-३, आणि निर्णायक लढत कोणत्या वजनगटाची हे ठरवायला पडद्यावर चिठ्ठी काढली. काय निघालं? ९० किलोवरील. म्हणजे रिनेर. यजमान फ्रान्स, उद्घाटनाला मारी-जोझे पेरेकसोबत ज्योत पेटवणारा रिनेर, आणि चिठ्ठीही त्याचीच. जपानी चाहत्यांना संशय आला यात त्यांचं काय चुकलं?

पैलतीर (धागाकर्ता)

दोहाचा मुद्दा रास्त आहे. तासोएवला सुवर्ण मिळालं ते योग्यच झालं. पण निर्णय रिनेरने दिला नव्हता. तो चौतिसाव्या वर्षी, आजवरच्या सर्वांत कठीण गटातून अंतिम फेरीत पोचला होता, एवढं तर त्या दिवशी पंचांशिवायही सिद्ध झालं.

पॅरिसच्या चिठ्ठीचा संशय मात्र मला अन्यायकारक वाटतो. सहा गट, त्यातला एक निघणार. तो निघाला नसता तर दुसऱ्या कुणाचा निघाला असता. आणि चिठ्ठी निघून सुवर्ण मिळत नाही, लढावं लागतं. त्याच संध्याकाळी जपानच्या तात्सुरु साइतोशी तो एकदा गोल्डन स्कोअरपर्यंत झुंजला होता. आदल्या दिवशी चार लढती, अंतिम फेरीत त्या वर्षीचा जगज्जेता किम मिन-जोंग, त्याला इप्पोन. वय पस्तीस. समोर बावीस वर्षांचा साइतो. आणि निर्णायक लढतीतही रिनेरने इप्पोनच मिळवला, शिदोवर वेळ काढली नाही. @ततामीवरून, तुम्ही रिओसाठी त्याला दोष देता ना, मग याचं श्रेयही द्या.

३-१ वरून बरोबरी कुणी आणली तेही विसरू नका. क्लारीस अग्बेन्येनू आणि जोआं-बेंजामिन गाबा. गाबाने जपानच्या हिफुमी आबेला हरवलं, ती माझ्या मते त्या दिवसाची सर्वोत्तम लढत.

मृण्मयी

अख्ख्या धाग्यात 'हेवीवेट' म्हणजे पुरुषच हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसतंय. म्हणून इदालिस ऑर्टिझचं नाव घेते.

क्यूबाची ही खेळाडू ७८ किलोवरील गटातली. जन्म १९८९ चा, रिनेरचाच. बीजिंगला तिलाही कांस्य, लंडनला तिलाही सुवर्ण. पुढे रिओला रौप्य, टोकियोला पुन्हा रौप्य. सलग चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक, २०१३ आणि २०१४ ला जागतिक सुवर्ण. पैलतीर, तुमचा निकष 'पराभवानंतर परत येणं' हा असेल तर तो तिला लावून बघा. रिओच्या अंतिम फेरीत हरून पाच वर्षांनी पुन्हा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत येणं सोपं असतं का? आणि तिच्यामागे फ्रान्ससारखी लाखो नोंदणीकृत ज्युदोपटूंची, पैशाची, वैद्यकीय मदतीची व्यवस्था नव्हती.

तिचा दर्जा काय होता हे आपल्याकडच्या लोकांनी तरी विसरू नये. पॅरिसला ज्या दिवशी रिनेरने सुवर्ण घेतलं, त्याच दिवशी त्याच सभागृहात आपली तुलिका मान पहिल्याच फेरीत ऑर्टिझसमोर आली. तुलिका म्हणजे बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेची रौप्यविजेती, कुणी ऐरीगैरी नव्हे. लढत अठ्ठावीस सेकंदांत संपली, इप्पोन. तेव्हा ऑर्टिझ तिच्या पाचव्या ऑलिंपिकमध्ये खेळत होती. तुलिकावर त्या दिवशी खूप टीका झाली, समोर कोण होतं हे मोजक्या लोकांनी सांगितलं.

श्रेष्ठ कोण याचं माझं उत्तर रिनेरच आहे. फक्त 'त्याच्यासारखं कुणीच परत आलं नाही' असा जो धाग्याचा सूर आहे तो मला मंजूर नाही.

गारगोटी

लुकाश क्रपालेकबद्दल दोन ओळी. रिओला १०० किलो गटात सुवर्ण आणि टोकियोला वजन वाढवून १०० किलोवरील गटात सुवर्ण. वरच्या गटाला कमाल मर्यादाच नसते, शंभरच्या थोडा वर असलेला माणूस दीडशे किलोच्या माणसासमोर उभा राहतो. रिनेर आणि यामाशिता दोघेही जन्मजात धिप्पाड. ज्युदोचा मूळ विचार पाहिला तर क्रपालेकचं यश मला जास्त भावतं. सर्वश्रेष्ठ म्हणत नाही, पण यादीत त्याचं नाव हवंच.

जुनी_पकड

@ततामीवरून, पकडीबद्दलचा प्रतिसाद फार आवडला, शिकायला मिळालं. पण 'यामाशिताच्या आठ वर्षांत खेळ हलला नाही' याला हरकत. १९८० ला एन्दोविरुद्धच्या लढतीत कानी-बासामी (पायांची कात्री घालून पाडण्याचा) या डावात त्याच्या पायाचं हाड मोडलं. तोच डाव पुढे स्पर्धांतून बंद झाला. म्हणजे आज रिनेरला ज्या डावापासून नियमाचं संरक्षण आहे, तो यामाशिताने हाडावर झेलला. पाय पकडण्याचे डावही तेव्हा खुले होते. रिनेरसारखं उंच उभं राहून पाठ पकडायची तर समोरचा सरळ दोन्ही पाय ओढायला आत शिरला असता. २०१० नंतर ती भीती गेली आणि १५४ ची मालिका सुरू झाली तीही २०१० लाच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

यामाशिता १ मीटर ८० सेंटिमीटर. रिनेरपेक्षा जवळजवळ वीतभर बुटका. डावखुरा, ओसोतो-गारी, ओउची-गारी, उचिमाता, आणि उभ्याने जमलं नाही तर जमिनीवर दाबून संपवणार. परदेशी खेळाडूकडून तो आयुष्यात एकदाही हरला नाही. त्याच्याकडे दोन्ही खेळ होते. रिनेरचा जमिनीवरचा खेळ त्या तोडीचा आहे असं त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत.

ततामीवरून

जमिनीवरच्या खेळाबद्दल मान्य, तिथे यामाशिता निर्विवाद वरचढ.

पाय पकडण्याबद्दल अंशतः मान्य. नियमाचा रिनेरला फायदा झाला, खोटं कशाला बोला. पण तो २००७ ला जगज्जेता झाला तेव्हा ते सगळे डाव खुले होते, २००९ लाही होते. मालिका २०१० ला सुरू झाली ती टोकियोतल्या खुल्या गटाच्या अंतिम फेरीत दाइकी कामिकावाने हरवल्यानंतर, आणि तो निकाल पंचांच्या झेंड्यांवर लागला होता. तो कौल उलटा पडला असता तर मालिका आणखी मागे, बीजिंगपर्यंत जाऊ शकली असती.

आणि पंचांचाच विषय निघालाय तर, @अनवट, दोहा रिनेरच्या खात्यातून वजा करायचं असेल तर १९८५ ची ऑल जपान अंतिम लढतही तपासावी लागेल. यामाशिता विरुद्ध साइतो. तोही निकाल पंचांच्या कौलावरच लागला. त्यावर आजही वाद घालणारे लोक आहेत. तो कौल साइतोला गेला असता तर २०३ वर थांबलेली मालिका अपराजित राहिली नसती. एका बाजूचे संशयास्पद निकाल मोजायचे आणि दुसऱ्या बाजूचे गाळायचे असं नको.

उत्तररात्र

हा मुद्दा योग्य. मग सलग विजयांचे आकडे दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवू. तरीही माझा प्रश्न तसाच राहतो: २०१८ ते २०२२ या काळात जगज्जेते झालेल्यांशी रिनेर त्या त्या वर्षी खेळला असता तर? पॅरिसला त्याने जगज्जेत्या किमला हरवलं हे खरं, पण किम एका वर्षाचा विजेता. ज्या पिढीला तो टाळून गेला ती पिढी पॅरिसपर्यंत थकलेली होती.

पैलतीर (धागाकर्ता)

टाळून गेला हा शब्द चुकीचा आहे. २०२२ ला तो जखमी होता. आणि तुशिश्विली थकलेला नव्हता, पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत रिनेरसमोर तोच होता, टोकियोचा रौप्यविजेता. तिथेही रिनेरच जिंकला. कागेउराशी ऑलिंपिकमध्ये गाठ पडली नाही याचं कारण जपानने टोकियोला हारासावाला निवडलं आणि पॅरिसला साइतोला. देशाने निवडलं नाही त्या खेळाडूशी लढायचं तर कुठे?

जुनी_पकड

साइतोचं नाव पुन्हा आलं म्हणून एवढंच सांगतो. तात्सुरु हा हितोशी साइतोचा मुलगा. वडिलांनी तीन वर्षं ऑल जपानच्या अंतिम फेरीत यामाशिताकडून हार पत्करली, आणि यामाशिता गेल्यावर १९८८ ला सोलला सुवर्ण घेतलं. यामाशिता सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला, वरून खाली येण्याआधी. रिनेर त्या वयात रिओतून दुसरं सुवर्ण घेऊन आला होता. पुढची आठ वर्षं त्याने खेळायचं ठरवलं, हा त्याचा निर्णय, आणि तुम्ही सगळे गुण त्या निर्णयाला देताय. मी गुण देतो ते जो काळ दोघेही खेळले त्याला. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतची दोघांची कारकीर्द शेजारी ठेवा: एकाला बीजिंगला तान्ग्रिएवने हरवलंय, टोकियोत कामिकावाने हरवलंय. दुसऱ्याला १९७७ नंतर कुणीही नाही.